दचकांक

सव्वीस वर्षं मी लोकांना परीक्षा पास व्हायला शिकवतोय. कॉम्प्युटरच्या नोकरीतल्या परीक्षा: सर्व्हरची, नेटवर्कची, क्लाउडची, सुरक्षेची. पास झालं की प्रमाणपत्र मिळतं. त्या प्रमाणपत्रानं बढती मिळते का, पगार वाढतो का, हे दर बॅचमध्ये पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतं आणि मी दर वेळी छातीठोकपणे "वाढतो की!" म्हणतो. सांगलीत क्लास चालवायचा तर एवढं तोंड लागतंच.

खरं उत्तर माझ्या घरातच होतं. माझी बायको पद्मजा 'निर्झर सिस्टिम्स'मध्ये आहे. तीन जिल्ह्यांतल्या दूध संघांची यंत्रणा ही कंपनी सांभाळते. गावच्या डेअरीत कॅन ओतला की फॅट किती लागलं, दूध शीतकरण केंद्राच्या टाकीत कधी पोचलं, टाकी किती थंड आहे, टँकर कुठं आहे, हे सगळं मिरज रस्त्यावरच्या एका हॉलमधल्या पडद्यांवर दिसतं. त्या पडद्यांसमोर पद्मजाची तेवीस वर्षं गेली. तिच्याकडे अकरा प्रमाणपत्रं होती. प्रत्येक प्रमाणपत्राला कंपनीनं टाळ्या आणि एक पेन दिलं. शेवटची नऊ वर्षं ती मुख्य अभियंत्याचंच काम करत होती, पण पद तिला कधी मिळालं नाही. टेंडर भरायची वेळ आली की मात्र तिची अकराही प्रमाणपत्रं फाइलमध्ये पहिल्या पानावर लागायची.

ती तक्रार करायची नाही. "मला पडदे आवडतात अभि," एवढंच म्हणायची. मला तिचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा.

तेव्हा परीक्षा पास होणं अवघड नव्हतं. परीक्षेतले प्रश्न कुठून तरी बाहेर येत, त्या गठ्ठ्याला आम्ही 'डंप' म्हणायचो. डंप पाठ करायचा, तासाभरात परीक्षा उरकायची. हे क्लासला माहीत, कंपनीला माहीत, टेंडर काढणाऱ्यालाही माहीत. कंपनीला बारा प्रमाणित माणसं मोजून दाखवायची असत. त्यांना काय येतं, हे कुणी विचारत नसे.

मग पट्टी आली.

आपण काहीही बघत असलो की पुढं काय येणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधून बसलेला असतो. अंदाज आणि समोरचं जुळलं नाही, की पाव सेकंदात कपाळामागे विजेची एक बारीक लाट उठते. काहीतरी चुकलंय हे आपल्याला कळायच्या आधी ती उठलेली असते. डॉक्टरांना ही लाट कित्येक वर्षं माहीत होती, पण ती इतकी क्षीण की एकच गोष्ट शे-दोनशे वेळा दाखवून सरासरी काढल्याशिवाय हाती लागत नसे. नव्या पट्टीनं ती पहिल्याच फटक्यात पकडली. कपाळाला बांधायची मऊ, दोन बोटं रुंद पट्टी, बस्स.

परीक्षा बदलली. प्रश्न नाहीत, उत्तरं नाहीत. चाळीस मिनिटं पडद्यावर एखादी यंत्रणा चालताना दिसते. मधेच कुठंतरी चुकीची पायरी घातलेली असते. तुम्ही नुसतं बघायचं. चुकीला लाट उठली तर तुम्हाला येतं, नाही उठली तर येत नाही. शंभरापैकी साठ लागतात. सरकारी कागदावर त्याचं नाव 'जाणीव निर्देशांक' होतं, पण माझ्या पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याला 'दचकांक' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. दर परीक्षेला पडदे नवे, त्यामुळं पाठ करायला काही उरलं नाही. बाजारातले लोक म्हणाले, मगदूम सर, आता क्लासला कुलूप लावा. मी एक महिना खरंच घाबरलो होतो.

पद्मजा परीक्षा देऊन आली त्या दिवशी मी घरी चहा करत होतो.

"किती?" मी विचारलं.

"एकतीस."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. तिनं पर्स ठेवली, कप उचलला आणि एक घोट घेतला. "आलं कमी पडलंय," म्हणाली.

"एकतीस कसे पडतील? सगळ्या चुका दिसल्या ना तुला?"

"दिसल्या की. एक सोडून सगळ्या. दोन तर त्यांनी घातलेल्याच नव्हत्या, त्याही दिसल्या."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. चूक बघून दचकायला ती अनपेक्षित असावी लागते. तेवीस वर्षांत पद्मजानं इतका गोंधळ पाहिला होता, की प्रत्येक पडद्याकडे ती 'हे आता बिघडणार' असंच गृहीत धरून बघायची. बिघडलं की तिला नवल वाटत नसे आणि पट्टीला सपाट रेघ दिसे. माझ्या क्लासमधल्या सहा महिन्यांच्या पोराला त्याच परीक्षेत चौऱ्याऐंशी पडले होते, कारण पुस्तकातल्यापेक्षा एक अक्षर वेगळं दिसलं तरी तो खुर्चीतून उडायचा.

"पुढं काय?" मी म्हणालो.

"मार्चनंतर साठच्या खालचा माणूस बटणाला हात लावू शकत नाही. टेंडरची अट आहे. मला कागदपत्रांच्या विभागात टाकणार. मुबारकभाईंसारखं सहायक म्हणून बसायचं तर बसा म्हणाले, नुसतं बघत." तिनं कप ठेवला. "आणि ज्याला जास्त पडतील त्याला मुख्य अभियंता करणार म्हणे. या वेळी खरंच."

मुबारक नदाफ तिच्या शेजारच्या खुर्चीवर अठरा वर्षं होते. मूळचे शीतकरण केंद्रावरचे ऑपरेटर, टाकीचा आवाज ऐकून तापमान सांगणारा माणूस. त्यांनी आयुष्यात एकही परीक्षा दिली नव्हती. दिली असती तर त्यांना एकतीसही पडले नसते.

मी म्हणालो, "माझ्या क्लासला ये."

ती हसली. "तू मला दचकायला शिकवणार?"

शिकवणारच होतो. लोक कुलूप लावा म्हणत होते, त्या महिन्याभरातच मी वाट काढली होती. ज्ञान शिकवायला वर्षं लागतात, भीती शिकवायला सहा आठवडे पुरतात. विद्यार्थ्याला पडद्यासमोर बसवायचं, चुकीची पायरी आली की त्याच क्षणी कानात कर्कश शिट्टी आणि मनगटाला बारीक झटका. काही दिवसांनी शिट्टी बंद, झटका बंद, पण चूक दिसली की अंग आपोआप उडतं. जाणकाराची लाट आणि घाबरलेल्याची लाट यातला फरक पट्टीला कळत नाही. माझ्या क्लासचा निकाल नव्वद टक्के लागत होता आणि मला त्याचा अभिमान होता, हे आज कबूल करतो.

पद्मजा रविवारी दुपारी यायची, शेवटच्या बाकावर बसायची. पहिले दोन रविवार काही झालं नाही. शिट्टी वाजायची आणि ही बाई शांतपणे पडदा बघत बसायची. पोरं वळून वळून बघायची. "सर, मॅडमचं मशीन बंद आहे काय?" एकानं विचारलं, तर पद्मजाच सगळ्यात आधी हसली.

मी झटका वाढवला. कुणाला सांगितलं नाही, तिलाही नाही. नवरा म्हणून लाज वाटायला हवी होती, पण त्या वेळी मी फक्त क्लासवाला होतो.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या पडद्यावर तिची पहिली लाट उठली. छोटीशी, टोकदार. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी मी पेढे आणले. पद्मजानं एक खाल्ला आणि हाताकडे बघत म्हणाली, "आज गाडी चालवताना मागून हॉर्न वाजला, तर मी ब्रेकच दाबला रे."

"होईल सवय."

"सवय मोडायलाच आलेय ना तुझ्याकडे?"

मी पेढ्यांचा डबा बंद केला.

तिला अठ्ठ्याहत्तर पडले. कंपनीत सगळ्यात जास्त. या वेळी पेन नाही, खरंच पद मिळालं. दारावर पाटी, टेबलावर बक्षीस म्हणून धनुष्य ओढणारा एक पितळी तिरंदाज, आणि तीन जिल्ह्यांची दुधाची आवक चालू ठेवायची की बंद करायची याचा शेवटचा शब्द. मनुष्यबळ विभागाच्या गौरांगी शिरगावकरांनी माझ्याशी हात मिळवला. "सर, तुमच्यामुळं आमचे बारा पूर्ण झाले." मी क्लासच्या दारावर पद्मजाचा फोटो लावला. प्रमाणपत्राचं चीज होतं, हे आता घरचंच उदाहरण देऊन सांगता येणार होतं.

हॉलमध्ये आता सगळ्यांना पट्टी घालून बसावं लागे, सहायकांनाही. लाटांची नोंद कंपनीकडे राही. त्यासाठी प्रत्येकानं संमतीचा फॉर्म भरला होता, कारण मेंदूची नोंद ज्याची त्याच्या मालकीची, असा कायदा तोवर झाला होता. फॉर्म कुणी वाचला नव्हता. पद्मजानं वाचला होता, कारण ती सगळंच वाचते.

एप्रिलमधली गोष्ट. सकाळच्या संकलनाची वेळ, साडेसात-पावणेआठ. एका मोठ्या टाकीचा आकडा चारवरून थेट अकरावर गेला. दूध अकरा अंशांवर म्हणजे नासायला लागलं. पण त्या टाकीची शेजारची नळी अधूनमधून त्याच सुमाराला गरम पाण्यानं धुतात, आणि मापकाला त्याची ऊब लागून आकडा चार मिनिटं खोटा बोलतो. हे पद्मजाला तेवीस वर्षं माहीत होतं. आधी ती असा आकडा दिसला की चहाचा कप उचलायची.

या वेळी आकडा उडाला आणि तिचं अंगही उडालं. शेजारून मुबारकभाई म्हणाले, "मॅडम, थांबा की. धुलाई चालू हाय." पण तोवर तिच्या हातानं आवक बंद केली होती. मुबारकभाईंचे शब्द तिला बटण दाबल्यावर ऐकू आले, असं तिनंच मला सांगितलं.

आवक बंद झाली की गावोगावच्या डेअऱ्यांची यंत्रं कुलूपबंद होतात. ती पुन्हा एकेक करून उघडायला सव्वा तास गेला. एप्रिलचं ऊन. साठ गावांत कॅन रांगेत उभे होते. बायाबापड्यांनी पहाटे उठून काढलेलं दूध त्यांच्या डोळ्यांदेखत फाटलं. काही ठिकाणी लोकांनी ते डेअरीच्या दारातच ओतलं. पद्मजानं दिवसभर त्या गावांना फोन केले आणि शिव्या खाल्ल्या. घरी आली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता.

"मी चुकले," ती म्हणाली. "तेवीस वर्षांत पहिल्यांदा, आणि चुकत असताना मला ठाऊक होतं."

चौकशी झाली ती पट्ट्यांच्या नोंदींवरून. पद्मजाची लाट उंच, स्पष्ट: चूक ओळखली, पाव सेकंदात कृती केली. मुबारकभाईंची रेघ सपाट: धोक्याची जाणीव नाही, उलट प्रमाणित अधिकाऱ्याला रोखण्याचा प्रयत्न. निष्कर्ष लिहायला कंपनीला एक दुपारही लागली नाही. यंत्रणेचा दोष, अधिकाऱ्याची तत्परता, सहायक अपात्र. मुबारकभाईंना काढायचं ठरलं. त्या कागदावर मुख्य अभियंत्याची सही हवी होती.

पद्मजा तो कागद घेऊन थेट माझ्या क्लासवर आली. मधल्या सुट्टीत पोरं खाली वडापाव खायला गेली होती.

"मी गौरांगीला सांगितलं, चूक माझी आहे. ती म्हणते, मॅम, यंत्र म्हणतंय तुम्ही बरोबर होता. मी म्हटलं, ते दचकणं खरं नाही, शिकवलेलं आहे. ती म्हणते, पट्टीला शिकवता येत नाही, पुरावा असला तर द्या." तिनं माझ्याकडे बघितलं. "पुरावा तुझ्याकडं आहे."

होता. सगळ्या बॅचच्या नोंदी, शिट्टीच्या वेळा, झटक्याचे आकडे. कोणत्या दिवसापासून कुणाची लाट उठायला लागली, तारीखवार. चारशे बारा जणांची नावं. ती फाइल बाहेर गेली की क्लास संपला, आणि ती चारशे बारा पोरं, जी मला सर म्हणतात, त्यांच्या नोकऱ्या संपल्या.

"सही कर पद्मजा," मी म्हणालो. "मुबारकभाईंना दुसरीकडं कुठंतरी लावू आपण. मी बोलतो कुणाशी तरी."

"कुठं लावणार? प्रमाणपत्राशिवाय कुठं घेतात आता?"

ती फळ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं आणि ती एवढ्या जोरानं दचकली की खुर्ची भिंतीवर आपटली. दोन्ही हात तिनं छातीशी धरले होते. माझी बायको, जिच्या शांतपणाचा मी पंचवीस वर्षं हेवा केला. तो शांतपणा मी सहा रविवारांत संपवला होता, आणि वर पेढे वाटले होते. मला माझीच किळस आली. मी कपाटातून फाइल काढली.

गौरांगी शिरगावकरांनी फाइल नीट चाळली. घाईनं नाही, पान पान करून. मग ती बंद केली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

"सर, ही परत न्या."

"पुरावा तुम्हीच मागितला होता," पद्मजा म्हणाली.

"मॅम, मला वाटलं होतं नसेल." त्या खरंच थकलेल्या दिसत होत्या. "आमच्या बारापैकी नऊ जण सरांच्याच क्लासचे आहेत. मी ही फाइल पाहिली असं झालं तर प्रमाणित माणसं उरतात तीन. टेंडर जाईल. टेंडर गेलं तर इथल्या दीडशे लोकांनी कुठं जायचं? मुबारक एकटे आहेत, मॅम."

मी फाइल उचलली. खरं सांगायचं तर मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग त्या सुटकेची लाज वाटली.

पद्मजा उठली नाही. तिनं कपाळावरची पट्टी सोडली आणि टेबलावर ठेवली.

"तुमच्या फॉर्ममधलं सातवं कलम," ती म्हणाली. "माझी नोंद माझ्या मालकीची आहे. मी संमती काढून घेतली तर प्रमाणपत्र त्याच दिवशी रद्द. मग तुमचे किती उरतात?"

गौरांगीबाईंना मोजायची गरज नव्हती. टेंडरला बारा लागत होते.

"मॅम, तुम्ही पद सोडताय?"

"मी विचारतेय, अकरा चालतात का?"

गौरांगीबाईंनी मुबारकभाईंचा कागद ओढून घेतला. "तुम्हाला काय हवंय?"

"नदाफ माझ्या शेजारच्या खुर्चीवर. मी निवृत्त होईपर्यंत, नाही तर ते निवृत्त होईपर्यंत."

"आणि संमती?"

"तोवर राहील."

कागद फाटला. तेवीस वर्षं नोकरी, अकरा अधिक एक प्रमाणपत्रं, आणि कंपनीनं त्यांची किंमत पहिल्यांदाच मानली. त्या किमतीत एका माणसाची खुर्ची आली. ती खुर्ची सोडता येणार नाही अशी कैद पद्मजाच्याही वाट्याला आली, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही. बाहेर पडताना मी माफी मागितली, तर म्हणाली, "आधी मला हे विसरायला शिकव."

मी प्रयत्न केला. मे महिनाभर घरी तिच्यासमोर पडदे लावले, शिट्टी नाही, झटका नाही, नुसती चूक. तरी ती उडायची. भीती सहा आठवड्यांत शिकवता येते, उतरवायला किती लागतात ते मला माहीत नाही. मी शिट्टीची बॅच बंद केली. पोरं समोरच्या क्लासला गेली. तिथं दोन शिट्ट्या वाजवतात म्हणे.

जूनमध्ये एका सकाळी ती चष्मा घरी विसरली म्हणून मी हॉलवर गेलो. संकलनाची वेळ होती. दारातून बघत उभा राहिलो. पद्मजा मोठ्या खुर्चीत बसली होती, कपाळाला पट्टी, आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरलेले. शेजारी मुबारकभाई, मांडीवर पानाची डबी.

टाकीचा आकडा चारवरून अकरावर गेला. ती खुर्चीत ताडकन उडाली, पण हात बाहेर काढले नाहीत.

"मुबारकभाई, थांबू?"

"थांबा."

"नक्की?"

"थांबा की मॅडम. मी हाय न्हवं."

तिच्या मानेवरची शीर उडताना मला दारातून दिसत होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. मुबारकभाईंनी पान जुळवलं. चौथ्या मिनिटाला आकडा उतरला, अकरा, आठ, पाच, चार. साठ गावांचं दूध आत येत राहिलं. पद्मजानं श्वास सोडला आणि हात मोकळे केले. बोटं पांढरी पडली होती.

भिंतीवर सगळ्यांचे दचकांक लावलेला फलक आहे, प्रत्येक दचकण्याबरोबर तो आपोआप बदलतो. मुबारकभाईंच्या नावापुढं शून्य होतं. पद्मजाच्या नावापुढं एक्याऐंशीचे ब्याऐंशी झाले.